धन्य ते भोळे!



"आजच्या जगात भोळे राहून चालत नाही," हे वाक्य आपल्या घराघरांतून ऐकू येते. दुकानदाराने चुकून जास्त दिलेले पैसे मुलाने परत केले, तर घरात कौतुक होते खरे, पण त्याच कौतुकात कुणीतरी हसून म्हणते, "अगदीच साधा आहेस रे तू!" मोठ्या भावाने वाटणीच्या वेळी आवाज चढवला नाही, तर नातेवाईक म्हणतात, "बिचारा भोळा, त्याला काही कळत नाही." साधा, भोळा, सरळ हे शब्द स्तुतीचे की निंदेचे, हे हल्ली बोलणाऱ्याच्या सुरावरून ओळखावे लागते.

प्रभू येशूने आपल्या शिष्यांना सुवार्तेसाठी पाठवले, तेव्हा त्यांना आधीच सावध केले होते. लांडग्यांमध्ये मेंढरे पाठवावीत तसे मी तुम्हांला पाठवीत आहे, म्हणून सापासारखे चतुर आणि कबुतरासारखे साधे व्हा, अशा अर्थाचा तो उपदेश आहे (मत्तय १०:१६). प्रभूने दोन्ही गोष्टी एकाच दमात मागितल्या. आपण मात्र बहुधा एकच निवडतो. कुणी सापाची हुशारी उचलतो आणि कबुतराला उडवून लावतो. कुणी कबुतराचे साधेपण घेऊन बसतो आणि फसला की देवाला दोष देतो.

या दोन गुणांची ताटातूट कशी झाली, हे आज आपण एका वेगळ्या वाटेने पाहू. आपल्या धर्मग्रामातील बहुतेक मुले इंग्रजी शाळेत जातात. त्या इंग्रजी भाषेतील काही जुने, आता अर्थ बदललेले किंवा वापरातून गेलेले शब्द आपण आज हाती घेणार आहोत. शब्द हे जुन्या नाण्यांसारखे असतात. कुणाच्या हातून ते कसे फिरले आणि कुठे झिजले, याच्या खुणा त्यांच्यावर राहतात. त्या वाचता आल्या, तर माणसांच्या मनाचा इतिहास वाचता येतो.

'सिली' म्हणजे धन्य

'सिली' हा शब्द पहिलीतल्या मुलालाही ठाऊक आहे. सिली म्हणजे वेडपट, खुळा. पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'सॅलिग' असा शब्द होता आणि त्याचा अर्थ होता सुखी, धन्य, देवाचा आशीर्वाद लाभलेला. जर्मन भाषेत त्याचा सख्खा भाऊ 'सेलिग' आजही त्याच अर्थाने जिवंत आहे. डोंगरावरील प्रवचनातील 'धन्य' या शब्दासाठी जर्मन बायबलमध्ये हाच शब्द येतो. ख्रिस्तसभा एखाद्याला धन्यवादित घोषित करते, तेव्हाही जर्मन भाविक त्याला याच शब्दाने संबोधतात.

मग इंग्रजीत तो खुळा कसा झाला? एकदम नव्हे, तर पायरी पायरीने. जो धन्य तो निष्पाप, ही पहिली पायरी. जो निष्पाप तो निराधार, ही दुसरी. जो निराधार त्याची कीव करावी, ही तिसरी. म्हणजे आपल्या मराठीतला 'बापडा'. मग ज्याची कीव येते तो दुबळा आणि जो दुबळा तो मूर्ख. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शब्द या शेवटच्या पायरीवर पोहोचला होता. पायऱ्या उतरताना कुणालाही आपण काही गमावत आहोत असे वाटले नाही. प्रत्येक पायरी तशी लहानच होती.

आपल्या मराठीकडे पाहिले, तर हाच जिना दिसतो. 'भोळा' वरून 'भोळसट' झाला. 'देवभोळा' हा शब्द खरे तर किती सुंदर! देवापुढे ज्याच्या मनात कपट नाही तो देवभोळा. पण आज तो ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे कुणाच्याही बोलण्यावर विश्वास ठेवणारा अडाणी मनुष्य उभा राहतो. 'साळसूद' म्हणजे सरळ, सौम्य वृत्तीचा. आज बहुधा आपण 'साळसूदपणाचा आव आणला' एवढेच म्हणतो. सरळपणा हा खरा असू शकतो, यावरच जणू आपला विश्वास उरलेला नाही.

ज्या शब्दाने आपल्या राजाचे स्वागत झाले

दुसरा शब्द आहे 'डाफ्ट'. इंग्लंडमध्ये आजही एखाद्याला डाफ्ट म्हटले, तर त्याचे डोके ठिकाणावर नाही असा अर्थ होतो. या शब्दाची जुनी कथा ऐकली, तर अंगावर काटा येतो.

सुमारे सन १००० मध्ये इंग्लंडमध्ये चारही शुभवर्तमाने त्या काळच्या लोकभाषेत उतरवली गेली. त्यात झावळ्यांच्या रविवारचा प्रसंग आहे. सियोनेचा राजा गाढवावर बसून नम्रपणे येत आहे, ही संदेष्ट्याची वाणी संत मत्तय तेथे सांगतो (मत्तय २१:५). त्या 'नम्र' शब्दासाठी त्या भाषांतरात 'येदॅफ्ते' हा शब्द वापरला आहे. सौम्य, शालीन, लीन असा त्याचा अर्थ. त्याच शब्दापासून पुढे 'डाफ्ट' झाला. म्हणजे ज्या शब्दाने आपल्या प्रभूचे यरुशलेमेत स्वागत झाले, तोच शब्द काही शतकांनी वेड्यासाठी वापरला जाऊ लागला.

यात एक गंमतही आहे. त्याच कुळातला दुसरा शब्द 'डेफ्ट'. त्याचा अर्थ झाला हातकसबी, कुशल. मूळ एकच; एक भाऊ कुशल ठरला, दुसरा खुळा ठरला. नम्रतेला कौशल्यापासून तोडले, की ती जगाला खुळी दिसू लागते.

पण हे नवे नाही. हेरोदाने आपल्या प्रभूला झगझगीत वस्त्र घालून त्याची थट्टा केली आणि परत पाठवले (लूक २३:११). ज्ञानी म्हणवणाऱ्या राजाला तो खुळाच वाटला होता. म्हणूनच संत पौल करिंथकरांना सांगतो, की देवाचा मूर्खपणा माणसांच्या शहाणपणाहून अधिक शहाणा आहे (१ करिंथ १:२५).

'लूड' आणि 'क्रेटिन'

आणखी दोन शब्द पाहू. ते ऐकायला बरे वाटणार नाहीत. पण ख्रिस्तसभेने ते ऐकले पाहिजेत.

आज इंग्रजीत 'लूड' म्हणजे असभ्य, अश्लील. जुन्या इंग्रजीत 'लॅवेदे' म्हणजे प्रापंचिक, जो धर्मगुरू नाही तो. एवढाच त्याचा अर्थ होता. पुढे प्रापंचिक म्हणजे न शिकलेला, न शिकलेला म्हणजे हलका, हलका म्हणजे नीच आणि नीच म्हणजे अश्लील, असा तो घसरत गेला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणले. त्यात पेत्र आणि योहान न्यायसभेपुढे उभे असताना त्यांना हाच शब्द लावला आहे, साध्या व अशिक्षित या अर्थाने (प्रेषितांची कृत्ये ४:१३). पहिला पोप आणि येशूचा आवडता शिष्य, दोघेही 'लूड'! लेखणी ज्यांच्या हाती होती, त्यांनी ती ज्यांच्या हाती नव्हती त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले, हे या एका शब्दावरून कळते.

'क्रेटिन' हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. आज ती शिवी आहे. आल्प्स पर्वताच्या काही दऱ्यांत माती आणि पाण्यात आयोडीनचे प्रमाण फार कमी असे. त्यामुळे तेथे काही मुले जन्मतःच मंदबुद्धी आणि खुज्या बांध्याची निपजत. त्या डोंगराळ खेड्यांतील लोक अशा माणसाला त्यांच्या बोलीत 'क्रेटिन' म्हणत. बहुतेक कोशकारांच्या मते हा शब्द 'ख्रिश्चन' याच शब्दाचे बोलीतले रूप आहे. जणू गावकरी एकमेकांना बजावत होते, की हाही माणूस आहे, याचाही बाप्तिस्मा झालेला आहे. केवढे मोठे प्रेम त्या शब्दात होते! शब्द डोंगर उतरून शहरात आला आणि त्याची शिवी झाली. आयोडीनयुक्त मीठ आल्यावर तो आजार पुष्कळ हटला. शिवी मात्र राहिली.

आपल्या धर्मग्रामातही अशी विशेष मुले आहेत, अशी मंद चालणारी, हळू बोलणारी माणसे आहेत. त्यांना आपण कोणत्या शब्दाने हाक मारतो? डोंगरातल्या गावकऱ्यांच्या शब्दाने की शहरातल्या?

दुसऱ्या बाजूचे शब्दही घसरले

साधेपणाचे शब्द खाली आले तसे हुशारीचे शब्द वर गेले असतील, असे आपल्याला वाटेल. पण तसे झाले नाही. तेही खालीच आले.

'कनिंग' म्हणजे आज धूर्त, कावेबाज. मुळात तो 'जाणणे' या क्रियापदापासून आला आणि त्याचा अर्थ होता जाणता, कसबी. सन १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये तरुण दावीद वीणा वाजवण्यात 'कनिंग' आहे (१ शमुवेल १६). बाबेलच्या नदीकाठी बसलेले बंदिवान यरुशलेमेला विसरलो तर माझा उजवा हात आपले कसब विसरो असे म्हणतात, तेथेही 'कसब' या अर्थी हाच शब्द आहे (स्तोत्र १३७). 'क्राफ्टी' म्हणजे आज लबाड. मुळात तो सामर्थ्य आणि कौशल्य यांचा शब्द. 'स्लाय' म्हणजे आज आतल्या गाठीचा. पण विक्लिफच्या अनुयायांनी मत्तयच्या दहाव्या अध्यायातील प्रभूचे वाक्य इंग्रजीत लिहिले, तेव्हा सापासारखे 'स्लाय' आणि कबुतरासारखे 'सिंपल' व्हा असे लिहिले. तेथे दोन्ही शब्द गुणांचे होते आणि एकाच ओळीत शेजारी शेजारी बसले होते.

मराठीत 'शहाणा' या शब्दाचे तेच झाले आहे. 'शहाणे बाळ' ही स्तुती; पण 'फार शहाणा आहेस' ही निंदा. दीडशहाणा आणि अतिशहाणा तर आपल्या ओळखीचेच आहेत. अतिशहाण्याचा बैल रिकामा राहतो, हे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे.

यातून आपण काय शिकावे? ज्ञानाने चांगुलपणाची सोबत सोडली, की त्याची लबाडी होते. चांगुलपणाने ज्ञानाची सोबत सोडली, की तो खुळा ठरतो. दोघांची ताटातूट झाली आणि दोघेही बिघडले. एका बाजूला उरले चलाख लोक, दुसऱ्या बाजूला उरले फसणारे लोक. लांडगे आणि मेंढरे! प्रभूने जे जोडले होते ते माणसाने तोडले.

तरीही आशेला जागा आहे. 'नाइस' हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. तो लॅटिनमधील 'अजाण' या अर्थाच्या शब्दापासून निघाला आणि इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ मूर्ख असा होता. पुढे तो चोखंदळ झाला, मग बारकाईचा झाला आणि अठराव्या शतकात छान झाला. म्हणजे शब्द उठूही शकतात. शब्द उठू शकतात, तर त्यामागची माणसेही उठू शकतात.

सापाची हुशारी देवाकडूनही मिळते का?

आता पवित्र शास्त्राकडे वळू. किंग जेम्स बायबलमध्ये 'सटल' आणि त्याच्या कुळातले शब्द अनेकदा येतात. सटल म्हणजे सूक्ष्म, बारीक बुद्धीचा. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातील साप सर्व प्राण्यांहून सटल होता. याकोबाने आंधळ्या बापाकडून कपटाने आशीर्वाद घेतला, तेथेही इसहाकाच्या तोंडी 'सटल्टी' आहे (उत्पत्ती २७:३५). इथपर्यंत हा अवगुणच वाटतो. पण नीतिसूत्रांच्या पहिल्या अध्यायात सांगितले आहे, की हा ग्रंथ लिहिला तोच मुळी साध्या माणसांना 'सटल्टी' मिळावी म्हणून (नीतिसूत्रे १:४)! भाषांतरकारांची ही गफलत नव्हे. मूळ हिब्रू भाषेतही सापासाठी वापरलेला शब्द आणि नीतिसूत्रांतील चतुरपणाचा शब्द एकाच धातूचे आहेत.

म्हणजे बारीक बुद्धी ही सैतानाची मालमत्ता नाही. ती देवाचीच देणगी आहे. सापाने ती चोरून वापरली. साध्या माणसाने साधेच राहावे आणि फसत राहावे, अशी देवाची इच्छा नाही. देव साध्याभोळ्यांचे रक्षण करतो असे स्तोत्रकर्ता म्हणतो (स्तोत्र ११६:६) आणि त्यांना शहाणे करतो असेही म्हणतो (स्तोत्र १९). त्यांना लबाड करतो असे मात्र कोठेही म्हटलेले नाही.

संत पौलाने हे दोन्ही गुण एकाच वाक्यात समोरासमोर ठेवले आहेत. सापाने जशी कपटाने हव्वेला भुरळ घातली, तशी तुमची मने ख्रिस्ताविषयीच्या साधेपणापासून ढळतील अशी मला भीती वाटते, असे तो करिंथकरांना कळवतो (२ करिंथ ११:३). 'साधेपणा'साठी पौलाने जो ग्रीक शब्द वापरला, तोच तो मासेदोनियाच्या गरीब ख्रिस्ती मंडळींनी केलेल्या दानधर्मासाठीही वापरतो (२ करिंथ ८:२). तेथे आपण त्याचे भाषांतर 'औदार्य' असे करतो. ज्याच्या मनाला घड्या नाहीत, त्याच्या मुठीलाही घड्या नसतात.

घडी आणि वीण

'सिंपल' आणि 'सटल' हे दोन्ही शब्द मुळात कापडाचे आहेत, हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल.

'सिंपल'चे लॅटिन मूळ आहे 'सिंप्लेक्स', म्हणजे एकपदरी, एका घडीचे. त्याच्या उलट 'डुप्लेक्स', म्हणजे दुहेरी, दुपदरी. जुन्या इंग्रजीत याच अर्थाचा अस्सल घरचा शब्द होता 'आनफेआल्ड', आजच्या उच्चारात 'वनफोल्ड'. तुझा डोळा निर्दोष असेल, तर तुझे सर्व शरीर प्रकाशमय होईल, असे प्रभू म्हणतो (मत्तय ६:२२). सन १००० च्या त्या भाषांतरात तेथे डोळ्याला हाच एकपदरी शब्द लावला आहे. हा शब्द आता इंग्रजीतून जवळजवळ गेलाच आहे. दुटप्पीपणाचा 'डुप्लिसिटी' मात्र राहिला.

'सटल'चे लॅटिन मूळ 'सुब्तिलिस'. ते विणकराच्या मागावरून, तलम विणलेल्या कापडावरून आले असावे असे भाषातज्ज्ञ मानतात. म्हणजे सटल म्हणजे बारीक विणीचे, तलम.

आता सांगा, एखादे वस्त्र एकपदरी आणि तलम दोन्ही असू शकत नाही का? का नाही? आपली उत्तम साडी तशीच तर असते. एक पदर, पण सूत बारीक. घडीत काही लपवलेले नाही आणि वीणही ढोबळ नाही. सापाची हुशारी आणि कबुतराचे साधेपण यांचा मेळ असाच आहे. मन एकपदरी असावे, बुद्धी तलम असावी. बुद्धी जाडीभरडी आणि मनाला मात्र सात घड्या, असे झाले की घात होतो.

आपल्या प्रभूच्या अंगावरचा झगा शिवणीशिवाय वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला होता, असे संत योहान मुद्दाम नोंदवतो (योहान १९:२३). सैनिकांनाही तो फाडावासा वाटला नाही.

प्रभूचे स्वतःचे जीवनही तसेच होते. कैसराला कर द्यावा की नाही, असा पेच परुश्यांनी टाकला, तेव्हा त्याने त्यांचा कावा ओळखला आणि नाणे मागून घेऊन त्यांनाच निरुत्तर केले (मत्तय २२). ती सूक्ष्म बुद्धी. पण तीच बुद्धी त्याने पिलातापुढे स्वतःचा जीव वाचवण्यासाठी वापरली नाही. ते साधेपण. ईयोबाचे वर्णनही आठवावे. सन १६०९-१० मध्ये इंग्लंडमधून परागंदा झालेल्या कॅथलिकांनी डुए येथे जुना करार इंग्रजीत छापला. त्यात ईयोबाला 'सिंपल' म्हटले आहे. एवढी संकटे सोसणारा आणि देवाशी वाद घालणारा ईयोब खुळा नव्हता. त्याचे मन दुपदरी नव्हते, एवढेच.

याच परागंदा कॅथलिकांच्या पिढीतला एक इंग्रज आपल्याकडे आला होता. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स सन १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि सन १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्यांनी साष्टीच्या गावकऱ्यांची भाषा शिकून घेतली आणि सन १६१६ मध्ये आपले 'ख्रिस्तपुराण' मराठीत प्रसिद्ध केले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ आहे. विद्वान होते, पण साध्या लोकांच्या भाषेत बोलायला त्यांना कमीपणा वाटला नाही. तलम बुद्धी, एकपदरी मन!

सूक्ष्म आचार्य आणि अडाणी मुलगी

शेवटी एका शब्दाची कथा सांगतो, ती आपल्या श्रद्धेच्या अगदी जवळची आहे. 'डन्स' म्हणजे वर्गातला ढ मुलगा. हा शब्द एका माणसाच्या नावावरून आला आहे. स्कॉटलंडमधील डन्स गावी जन्मलेले फ्रान्सिस्कन धर्मगुरू जॉन डन्स स्कोटस यांचे हे नाव. ऑक्सफर्ड आणि पॅरिस येथे त्यांनी अध्यापन केले आणि सन १३०८ मध्ये कोलोन येथे ते मरण पावले. त्यांची बुद्धी एवढी बारीक होती, की त्यांना 'सूक्ष्म आचार्य' ही पदवी मिळाली. सोळाव्या शतकात नव्या विद्वानांनी त्यांच्या अनुयायांची टर उडवली. हे लोक केसाचे तुकडे करत बसतात, नवे काही शिकत नाहीत, असा आरोप होता. होता होता त्या आचार्यांचे नावच मूर्खाचे नाव झाले.

या आचार्यांनी कोणते मोठे काम केले? पवित्र मरिया गर्भसंभवाच्या क्षणापासूनच निष्कलंक होती, तर तिला तारणाऱ्याची गरज काय, असा प्रश्न मोठमोठ्या ईशज्ञान्यांना पडत असे. स्कोटस यांच्या उत्तराचे सार असे: खड्ड्यात पडलेल्याला वर काढणे हे तारण, पण पडण्याआधीच हात धरून सावरणे हे त्याहून मोठे तारण. मरियेला ख्रिस्ताने असे तारले. पुढे सन १८५४ मध्ये पोप नववे पायस यांनी निष्कलंक गर्भसंभव हे श्रद्धातत्त्व म्हणून घोषित केले.

त्यानंतर चारच वर्षांनी, २५ मार्च १८५८ रोजी, फ्रान्समधील लुर्ड्स गावी चौदा वर्षांची एक मुलगी धावतपळत आपल्या धर्मगुरूंकडे गेली. तिला लिहितावाचता येत नव्हते, तिचा प्रथम ख्रिस्तप्रसादही झाला नव्हता. गुहेतल्या बाईने सांगितलेले नाव विसरू नये, म्हणून ती वाटेत ते पुटपुटत होती. 'निष्कलंक गर्भसंभव' हे ते नाव होते. त्याचा अर्थ तिला कळत नव्हता. तिचे नाव बर्नादेत.

सूक्ष्म आचार्य बुद्धीच्या वाटेने जेथे पोहोचले, तेथेच ही साधी मुलगी गुडघ्यांवर पोहोचली. जगाने दोघांनाही खुळे म्हटले. ख्रिस्तसभेने बर्नादेतला सन १९३३ मध्ये संत घोषित केले आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी सन १९९३ मध्ये स्कोटस यांना धन्यवादित म्हणून गौरवले. 'डन्स' पुन्हा 'सॅलिग' झाला!

आता आपल्याला काय करायचे आहे?

पहिली गोष्ट, साधेपणाच्या नावाखाली अजाण राहू नका. कोऱ्या कागदावर सही करू नका. जमिनीचा कागद न वाचता अंगठा देऊ नका. फोनवरून कुणी बँकेचा गुप्त क्रमांक मागितला, तर सांगू नका. दामदुप्पट पैशाच्या योजनेत घाम गाळून कमावलेली पुंजी घालू नका. ज्याला कळत नाही त्याने विचारावे; ज्याला कळते त्याने शेजाऱ्याला समजावून सांगावे. शिकलेल्या माणसाची बारीक बुद्धी ही न शिकलेल्यांच्या रक्षणासाठी आहे. नीतिसूत्रांचा ग्रंथ तेच म्हणतो.

दुसरी गोष्ट, हुशारीच्या नावाखाली मनाला घड्या पाडू नका. ओठात एक आणि पोटात एक ही सवय एकदा जडली, की ती घरातही येते, प्रार्थनेतही येते आणि पापनिवेदनातही येते. चांगल्याविषयी शहाणे आणि वाइटाविषयी साधे असा, हा संत पौलाचा रोमकरांना दिलेला सल्ला आहे (रोम १६:१९). एखादी लबाडी आपल्याला जमत नसेल, तर त्याची लाज वाटू देऊ नका.

तिसरी गोष्ट, साध्या माणसाला हसू नका. विशेषतः मुलांदेखत हसू नका. आपल्या भाषेतला 'भोळा' अजून जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा आहे. त्याला आणखी खाली ढकलायचे की हात देऊन वर घ्यायचे, हे आपल्या तोंडून निघणाऱ्या शब्दांवर अवलंबून आहे. या आठवड्यात निदान एकदा तरी, एखाद्याच्या सरळपणाचे मनापासून कौतुक करून पाहा. त्या कौतुकात 'पण' घालू नका.

नाथानेल समोरून येताना पाहून प्रभूने सांगितले, की हा खरा इस्राएली आहे, याच्यात कपट नाही (योहान १:४७). प्रभूने एखाद्या माणसाची दुरून पाहताक्षणीच अशी स्तुती केल्याचे प्रसंग शुभवर्तमानांत फार नाहीत. आपल्याला येताना पाहूनही त्याला असेच म्हणता यावे, यासाठी आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू गाढवावर बसून आलास आणि तरीही राजा होतास. आमच्या मनाच्या घड्या उलगड. आमची बुद्धी तलम कर, म्हणजे कोणी आम्हांला फसवणार नाही. आमचे मन एकपदरी ठेव, म्हणजे आम्ही कोणाला फसवणार नाही. ज्यांना जग खुळे म्हणते त्यांच्यात तुझे धन्य लोक ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. आमेन.